डिकसळच्या जुन्या रेल्वेमार्गाची एकदिवसीय सहल: एक परीक्षण

पुण्याहून भिगवणला जाणाऱ्या सहलींचा साचा आता पक्का झाला आहे. पहाटे निघायचे, कुंभारगावच्या काठावरून नावेत बसायचे, रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढायची, दुपारी चिलापी माशाच्या ताटावर ताव मारायचा आणि सोलापूर रस्त्यावरची कोंडी वाढण्याआधी हडपसर गाठायचे. पुण्यातील एका लहानशा हौशी गटाने याच वाटेने, पण निराळ्या विषयावर सहल सुरू केली आहे. उजनी जलाशयामुळे वापरातून गेलेला रेल्वेमार्ग, त्यावरचे इंदापूर तालुक्यातील डिकसळ हे स्थानक आणि भीमेवरचा जुना रेल्वे पूल हा तिचा विषय. माणशी १,८०० रुपयांत स्वारगेटपासूनचा बसप्रवास, नाश्ता, जेवण, नावेचे भाडे आणि चाळीसेक पानांची एक पुस्तिका मिळते. जानेवारीच्या अखेरीस या सहलीला जाऊन आल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. गट घरगुती स्वरूपाचा आहे आणि पुढे काही कठोर बोलावे लागणार आहे, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही.

निर्णय आधीच सांगायचा तर पाचपैकी तीन गुण. विषयाची निवड उत्कृष्ट आहे, मार्गदर्शकांचा रेल्वेचा अभ्यास दांडगा आहे आणि पुस्तिकेतला नकाशा तर एकट्याने अर्धे पैसे वसूल करून देतो. परंतु रेल्वे येथे कशी आली हे सांगताना सहल जितकी उदार होते, तितकीच ती येथून रेल्वे कशी गेली हे सांगताना हात आखडते. चालू स्थानकाच्या बाबतीत हे खपून गेले असते. जे स्थानक बंद पडले म्हणूनच आपण पाहायला निघालो आहोत, त्याच्या बाबतीत ते बंद का पडले हीच मुख्य गोष्ट असते, आणि ती मिळवण्यासाठी सहभागी मंडळींना प्रश्न विचारून विचारून मार्गदर्शकांना बोलते करावे लागले.

जे चांगले आहे ते आधी. बस हडपसर सोडून लोणी काळभोरच्या दिशेने लागल्यावर मार्गदर्शक गृहस्थ माइक हातात घेतात आणि पाटस येईपर्यंत खाली ठेवत नाहीत, तरीही कंटाळा येत नाही. त्यांच्या वडिलांची नोकरी रेल्वेत झालेली असल्यामुळे सांधेवाला, गँगमन, मालधक्का, लूप लाइन हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचा खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पुणे ते डिकसळ हा पुढचा टप्पा खुला झाला. म्हणजे पुण्याला रेल्वे येऊन सहा महिने होतात न होतात तोच ती इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यापर्यंत पोहोचली होती. पुढचा टप्पा, डिकसळ ते बार्शी रोड, २३ ऑक्टोबर १८५९ रोजी सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी. या दोन तारखांच्या मधले दहा महिने डिकसळ हे पुण्याकडून येणाऱ्या लोहमार्गाचे शेवटचे ठाणे होते.

हा दहा महिन्यांचा काळ मार्गदर्शकांनी फार चांगला उभा केला. रूळ डिकसळलाच का थांबले, हे कळण्यासाठी नकाशाकडे नुसते पाहिले तरी पुरते. दौंडपासून भीमेच्या उजव्या काठाने आलेला मार्ग येथे नदी ओलांडून करमाळ्याच्या बाजूला जातो, आणि पलीकडे जायचे तर भीमेवर पूल हवा. पूल तयार होऊन पुढचा मार्ग खुला होईपर्यंत बार्शी, करमाळा, सोलापूर या बाजूंनी पुण्याकडे जाणाऱ्या मालाला आणि माणसांना साहजिकच बैलगाड्यांनी नदी उतरून डिकसळचा रस्ता धरावा लागला असणार. एखाद्या खेड्याच्या वाट्याला असे महत्त्व येते आणि रूळ आणखी काही कोस पुढे सरकले की निघूनही जाते. रेल्वेच्या इतिहासात अशी तात्पुरती शेवटची स्थानके पुष्कळ आहेत, परंतु पुणे जिल्ह्याच्या हद्दीतले हे उदाहरण पुणेकरांना जवळपास अपरिचित आहे.

याच ओघात पुस्तिकेतल्या पहिल्या चुकीकडे वळावे लागते. तिच्या चौथ्या पानावर ‘मुंबईहून निघालेला प्रवासी १८५८ च्या अखेरीस थेट डिकसळला उतरू लागला’ असे वाक्य आहे. यातला ‘थेट’ हा शब्द काढून टाकला पाहिजे. बोरघाटातला लोहमार्ग २५ बोगद्यांसह पूर्ण होऊन सुरू झाला तो १८६३ मध्ये. त्याआधीच्या प्रवाशाला बोरीबंदरहून गाडीने घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत यावे लागे, तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढावा लागे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसावे लागे. थोडक्यात, खंडाळा ते डिकसळ हा लोहमार्ग मुंबईपासून तुटलेला, घाटमाथ्यावरचा एक स्वतंत्र तुकडाच होता, आणि घाट पूर्ण होण्याच्या चार वर्षे आधीच डिकसळचे शेवटचे स्थानक म्हणून असलेले महत्त्व संपलेही होते. ही गोष्ट ‘थेट’ प्रवासापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे आणि पुस्तिकेने ती हातची घालवली आहे.

दुसरी चूक छायाचित्राची आहे आणि ती गमतीची आहे. ‘डिकसळ स्थानक, एकोणिसावे शतक’ या मथळ्याखाली जे चित्र छापले आहे, त्यात स्थानकाच्या मागे उभे कडे आणि खोल दरी दिसते. हे बोरघाटातले रिव्हर्सिंग स्टेशन आहे. त्या ठिकाणी घाट चढणारी गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढल्यावर तेही वापरातून गेले. जुने स्थानक म्हणून दोघांचे नाते जुळते हे खरे, पण इंदापूर तालुक्यात एवढाले डोंगर असते तर तेथे पाऊसही पडला असता आणि उजनी धरणाची एवढी निकड कदाचित भासलीही नसती.

पुलाचे सालही पुन्हा तपासायला हवे. पुस्तिका ‘१८५५ मध्ये बांधलेला पूल’ असे ठामपणे सांगते, आणि त्याच पुस्तिकेत, पान उलटल्यावर, पुलापलीकडचा मार्ग १८५९ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्याची नोंद आहे. पुण्यापर्यंतही रूळ आलेले नसताना भीमेवर चार वर्षे रिकामा उभा राहणारा पूल बांधून ठेवण्याची घाई कंपनीला कशासाठी असेल, याचे उत्तर मार्गदर्शकांनी ‘सगळीकडे असेच लिहितात’ असे दिले. सगळीकडे तसे लिहितात हे खरेच आहे. पण पैसे घेऊन इतिहास सांगणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये.

पुलावरचा तास मात्र सहलीतला सर्वांत सरस भाग म्हणावा लागेल. बस अलीकडेच थांबवून सर्वांना चालत नेले जाते आणि हा निर्णय योग्य आहे, कारण हा पूल रेल्वेच्या एका मार्गापुरताच रुंद आहे आणि आता त्यावरून इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांमधली वाहतूक जाते. समोरासमोर दोन वाहने आली की एकाला थांबावे लागते. डिकसळच्या बाजूने चढून पलीकडे कोंढार चिंचोलीच्या दिशेने पाहिले की, हा रस्ता मुळात गाडीवाट नव्हता, हे सांगावे लागत नाही. बैलगाडीची वाट उतार पाहून वळते, बांधाला वळसा घालते आणि ओढ्यात उतरून वर येते. येथे मात्र भरावावरून एकसारख्या उंचीवर सरळ चालत गेलेली रेघ दिसते. जेथे वळण आहे तेथेही ते इतके ऐसपैस आहे की पायी चालणाऱ्याला आपण वळलो हे चटकन कळतही नाही. वाफेच्या इंजिनाला चढ आणि आकस्मिक वळण दोन्ही जड जात, त्यामुळे सोडून दिलेला लोहमार्ग नुसत्या चालीवरून ओळखता येतो, हे मार्गदर्शकांनी प्रत्यक्ष चालवून पटवून दिले. हे ज्ञान पुढे कोठेही उपयोगी पडेल असे आहे.

पुलाच्या टोकाशी उभे राहून त्यांनी एकेरी मार्गावरच्या गाड्यांचे नियंत्रण समजावले आणि त्यासाठी आपल्या संग्रहातला टोकनचा लोखंडी गोळा आणि त्याची चामडी पिशवी बरोबर आणली होती. शेजारशेजारच्या दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय मागच्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एकदा निघालेला गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नसे. तो गोळा हाती असल्याखेरीज चालकाला त्या टापूत गाडी नेण्याची मुभा नव्हती. न थांबणाऱ्या गाडीसाठी पिशवीला वेताचे मोठे कडे लावून फलाटावरचा माणूस ती उंच धरी आणि इंजिनावरचा माणूस धावत्या गाडीतून हात घालून ती उचले. मेल गाडी ज्या खेड्यात कधीच थांबली नाही, त्या खेड्याच्या परवानगीवाचून ती पुढेही गेली नाही, हे ध्यानात आल्यावर लहान स्थानकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पिशवी हातात घेतल्यावर तिचे वजन पाहून आमच्या गटातल्या शाळकरी मुलांना ती रात्रीच्या पावसात झेलणाऱ्या माणसाविषयी जो आदर वाटला, तो कोणत्याही व्याख्यानाने निर्माण झाला नसता.

पुढची शंभर वर्षे पुस्तिकेने एका पानात आटोपली आहेत. एका परीने ते क्षम्य आहे, कारण १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली, १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोड झाला आणि डिकसळ हे मुंबई-मद्रास मार्गावरचे एक साधे खेडेगावचे स्थानक उरले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग निघाल्यावर या टापूतले जे काही वजन होते ते दौंडकडे गेले. तरीही दोन गोष्टींना जागा द्यायला हवी होती. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग आणि सोलापूर होरपळत असताना या भागात धान्य आले ते याच रुळांवरून. आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये रेल्वेवरच्या वाहतुकीची जी माहिती आहे, तिचा उपयोग करून डिकसळची शेजारच्या स्थानकांशी तुलना करता आली असती. गॅझेटियर आज संगणकावर कोणालाही वाचता येते, त्यामुळे साधनांची अडचण हे कारण पुढे करता येणार नाही.

आता नकाशाविषयी, कारण तो खरोखरच देखणा आणि उपयुक्त आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, मैलाला एक इंच प्रमाणाच्या नकाशावर आजच्या जलाशयाची कड फिक्या निळ्या रंगात चढवली आहे आणि जुना व नवा असे दोन्ही लोहमार्ग दोन रंगांत दाखवले आहेत. दौंडच्या पुढे बोरीब्याल, मलठण, भिगवण, जिंती रोड, पारेवाडी अशी आजची स्थानके एका रेषेवर आणि डिकसळ, पोमलवाडी ही जुनी नावे दुसऱ्या रेषेवर पाहिली की जे घडले ते शब्दांवाचून समजते. जेऊरच्या अलीकडे दोन्ही रेषा पुन्हा एकमेकींना मिळतात. या नकाशासाठी गटाचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे.

अपेक्षाभंग होतो तो नावेत. जाहिरातीत ‘पाण्याखालचे रेल्वे स्थानक’ असे ठळक शब्द आहेत. सहल निघते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्या वेळी उजनीत पाणी मुबलक असते. नाव पुलापासून काही अंतर गेली, नावाड्याने इंजिन बंद केले आणि मार्गदर्शकांनी हात पसरून ‘या बाजूला सगळा जुना मार्ग’ असे सांगितले. त्या बाजूला पाणी होते आणि पाण्यावर शेकाटे, नदी सुरय असे पाणपक्षी होते. एवढा चांगला नकाशा हाताशी असताना, मोबाइलवर आपले ठिकाण पाहून नाव जुन्या रेषेवर नेमकी नेऊन उभी करणे अवघड नव्हते. तसे झाले असते तर खाली काही दिसले नसते तरी आपण कशाच्या वर आहोत हे तरी कळले असते. नावाडी स्वतः जाणकार होता आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कोणत्या बाजूने काय उघडे पडते याविषयी तो बोलू लागला होता, पण तेवढ्यात दूरवर रोहितांचा थवा उठला आणि निम्मी नाव कॅमेरे सरसावून एका कुशीला गेली. रेल्वेचा विषय तेथे संपला.

यावर उपाय धरणाच्या गणितातच आहे. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळाचे पाणी, आहे. म्हणूनच ‘उजनी मायनसमध्ये’ असा मथळा वर्तमानपत्रात आला तरी धरण कोरडे पडलेले नसते, मृतसाठ्याला हात लागलेला असतो एवढेच. पाऊस कमी झालेल्या वर्षी ही पातळी उन्हाळ्यात खूप खाली जाते. अशा वेळी पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि ते पाहायला पुण्याहून गर्दी लोटते. रेल्वेच्या खुणा शोधायच्या तर एप्रिल-मे हेच महिने योग्य होत. त्या दिवसांत ऊन सोसत नाही आणि पक्षीही नसतात, त्यामुळे बस भरणार नाही, अशी आयोजकांची अडचण समजण्यासारखी आहे. पण मग जाहिरातीत स्थानक दाखवण्याचे आश्वासन देऊ नये. ‘जुना रेल्वे पूल आणि जलाशय’ असे म्हटले तरी जाणारे जातीलच.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. उजनी धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली आणि धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमेचे खोरे या भागात उथळ आणि पसरट असल्यामुळे पाणी उंचीपेक्षा आडवे अधिक पसरणार होते आणि नदीकाठाने गेलेला लोहमार्ग त्याच्या कक्षेत येत होता. मैलोगणती भराव उंचावत नेण्याऐवजी रूळच वरच्या अंगाला, नव्या जागी न्यावे लागले. डिकसळचे स्थानक बंद झाले ते उतारू कमी झाले म्हणून नव्हे आणि तोट्यात गेले म्हणूनही नव्हे, हा मुद्दा मार्गदर्शकांच्या दोन तासांच्या भाषणात एकदाही स्पष्टपणे आला नाही. घाटातले स्थानक नवा बोगदा झाल्यामुळे बंद पडते, छोट्या रुळांचा मार्ग रुंदीकरणात बंद पडतो, कोठे एसटी आणि जीपगाड्या उतारू पळवतात. प्रत्येक बंद स्थानकामागचे कारण वेगळे असते. डिकसळच्या बाबतीत ते कारण म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या शेतीला हवे असलेले पाणी, आणि त्या पाण्यासाठी स्थानकाबरोबर गावेही उठली.

हे सर्व सांगू शकेल असा माणूस सहलीत होता, हे विशेष. जेवणाआधी पुनर्वसित वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांशी गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. तात्यांनी लहानपणी वडिलांबरोबर डिकसळहून दौंडच्या बाजाराला केलेला प्रवास सांगितला, शेतातली न्याहारी कोणत्या गाडीच्या शिट्टीवर सोडली जाई ते सांगितले, आणि स्थानकावरच्या रेल्वेच्या माणसांची घरे गावापासून अलग असली तरी पोळ्याला ती मंडळी गावात जेवायला कशी येत याचेही वर्णन केले. एका मुलीने विचारले, ‘तात्या, पाणी आलं तेव्हा काय झालं?’ तात्या म्हणाले, ‘आधी गाडी हलली, मग आमी हललो. गाडी हलली तवाच कळलं का आता ऱ्हात न्हाई.’ धरण होणार, धरण होणार असे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या माणसांना ते खरेच होणार हे पटले ते रूळ उचलताना पाहून. कागदोपत्री सापडणार नाही अशी ही माहिती आहे, आणि सहलीचा संपूर्ण दिवस या एका बैठकीभोवती रचायला हवा होता.

प्रत्यक्षात तात्यांना पंधरा मिनिटे मिळाली. ताटे वाढून तयार आहेत असा निरोप आला आणि मार्गदर्शकांनी आभार मानून बैठक आवरती घेतली. जमीन किती गेली, मोबदला कसा मिळाला, नव्या गावठाणापासून नवे स्थानक किती लांब पडले, गाडीने दौंडला जाणारी माणसे मग कशाने जाऊ लागली, हे प्रश्न तसेच राहिले. जेवताना मी तात्यांच्या शेजारी बसलो म्हणून थोडेफार ऐकायला मिळाले, पण बाकीच्यांना त्याचा लाभ झाला नाही. तात्यांच्या पिढीची माणसे आता मोजकीच आहेत. गटाने निदान त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असे सुचवले आहे. त्यांनी होकार दिला आहे.

जेवण उत्तम होते. चिलापीचे कालवण झणझणीत, भाकरी गरम, शाकाहारी मंडळींना पिठले आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळचे पोहे मात्र गार होते. स्वच्छतागृहाची सोय जेवणाच्या ठिकाणीच आहे, तेथे पोहोचेपर्यंत नाही, हे ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे. पुलावर सावली नाही आणि कठडाही फारसा भरवशाचा वाटत नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात धरूनच चालावे. काठावरच्या पाण्याला काही ठिकाणी वास येतो. त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण मुळा-मुठेचे पाणी दौंड तालुक्यात भीमेला मिळून येथेच येते आणि त्याबरोबर आपण पुणेकर जे काही नदीत सोडतो तेही येते.

एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. रेल्वेच्या इतिहासाची सहल आणि दिवसभरात रेल्वेत एक क्षणही बसणे नाही. पुणे ते दौंड गाड्या भरपूर आहेत आणि अंतर पाऊणशे किलोमीटर आहे. सकाळी दौंडपर्यंत गाडीने जाऊन तेथून बस घेतली, तर जंक्शन कसे असते, दौंडला मनमाडचा मार्ग कोठून फुटतो आणि डिकसळचे महत्त्व कशामुळे ओसरले, हे सगळे फलाटावर उभे राहून दाखवता येईल. जुना मार्ग एकेरी होता, आजचा दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला आहे, हा फरकही डोळ्यांनी दिसेल. सोलापूर रस्त्यावरच्या कोंडीतून सुटका होईल ती वेगळीच.

ज्यांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी या सहलीच्या वाटेला जाऊ नये. निम्म्या पैशांत कुंभारगावचे नावाडी अधिक पक्षी दाखवतील आणि अधिक नेमकी नावे सांगतील. ज्यांना रेल्वेचे तंत्र, जुने नकाशे आणि वाटांचा शोध यांत रस आहे, त्यांनी वरच्या त्रुटी गृहीत धरून जरूर जावे. शाळेतली मुले बरोबर असतील तर टोकनच्या प्रात्यक्षिकासाठी तरी जावेच. नाव नोंदवताना तात्यांची बैठक किती वेळ आहे हे आवर्जून विचारावे. विचारणारे वाढले तर ती लांबेल. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याला डिकसळचा पूल कोणत्याही दिवशी मोफत पाहता येतो, फक्त गाडी अलीकडे लावून चालत जावे. पुस्तिका मात्र सहलीला न आलेल्यांना विकत मिळत नाही. केवळ नकाशाची घडी दीडशे-दोनशे रुपयांना स्वतंत्र विकायला ठेवली असती तर दोन प्रती मीच आणखी घेतल्या असत्या.